बॅग भरताना विसावाही भरा

"एवढ्या लांब जातोच आहोत, तर जैसलमेरही करून टाकू!" सहलीचा बेत आखताना घरातलं कुणी ना कुणी असं वाक्य म्हणतंच. दिवाळीची सुट्टी, राजस्थान, बरोबर मुलं आणि आजी-आजोबा. उदयपूर-जोधपूर ठरलेलं असतं. त्यात जैसलमेर येतं, मग 'परतताना वाटेवरच आहे' म्हणून बिकानेर आणि शेवटी जयपूर. कागदावर सगळं छान बसतं. आता जरा किलोमीटर मोजा. उदयपूर ते जोधपूर साधारण २५०, जोधपूर ते जैसलमेर २८०, तिथून बिकानेर ३३० आणि बिकानेर ते जयपूर पुन्हा ३३०. म्हणजे १,२०० च्या आसपास किलोमीटर नुसते भाड्याच्या गाडीतले. मुंबईहून जाता-येता रेल्वेचा प्रवास वेगळा. आणि हे सगळं आठ दिवसांत!

पाचव्या दिवशी चित्र काय असतं, ते अशा सहलीला गेलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. धाकटं किरकिर करतंय, आजोबांचे पाय सुजलेत, नवरा ड्रायव्हरवर उगाच डाफरतोय. समोर जैसलमेरचा सोनेरी किल्ला उभा असतो आणि आईच्या मनात एकच विचार असतो: आता मला कुठेही नेऊ नका, फक्त दोन तास झोपू द्या.

सहल म्हटली की दमणूक आलीच, असं आपण धरूनच चाललेलो असतो. पण यातली बरीचशी दमणूक टाळता येण्यासारखी असते. कपडे, औषधं, खाऊ आपण जसा आधीच बांधून घेतो, तसा विसावाही आधीच बांधून घ्यावा लागतो. ऐनवेळी तो मिळत नाही.

बसून बसून दमायला काय झालं?

'दिवसभर गाडीत बसूनच तर होतो!' हे आपण दुसऱ्याला ऐकवतो आणि स्वतःलाही. पण गाडीत शरीर स्वस्थ नसतंच. प्रत्येक धक्क्याला, वळणाला, ब्रेकला मान, पाठ आणि पोटाचे स्नायू तोल सावरत असतात. त्यात इंजिनाचा आवाज, खिडकीतून येणारं ऊन किंवा एसीची कोरडी हवा, टळलेली जेवणाची वेळ आणि कमी प्यायलेलं पाणी. संध्याकाळी अंग आंबून जातं ते यामुळे.

दुसरं कारण झोपेचं. 'जागा बदलली की डोळ्याला डोळा लागत नाही' असं आपली आजी म्हणायची, ते खरंच आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी नव्या जागी झोपणाऱ्यांच्या मेंदूचा अभ्यास केला. पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा सावध राहतो, जणू पहारा देत असतो, असं त्यांना दिसलं. आता विचार करा, रोज नवं शहर आणि नवं हॉटेल, म्हणजे रोजच 'पहिली रात्र'!

आणि घरातल्या बाईच्या वाट्याला याशिवाय आणखी एक काम असतं. ते कुणाला दिसत नाही. सासूबाईंची बीपीची गोळी झाली का, मुलीचा स्वेटर वर आहे की खाली, ओला टॉवेल कुठल्या पिशवीत, संध्याकाळी दूध कुठे मिळेल, ही यादी तिच्या डोक्यात अखंड चालू असते. बाकीचे सहलीला गेलेले असतात. ती अख्खं घर पाठीवर घेऊन गेलेली असते.

वारीकडून शिकावं

लांबच्या प्रवासात विसावा कसा बसवायचा, हे शिकायला फार लांब जायला नको. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते. अंतर साधारण २५० किलोमीटर, म्हणजे आपली गाडी उदयपूरहून जोधपूरला जाते तेवढंच. वारकरी ते पायी चालतात. त्यात म्हातारी माणसं असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका असतात. त्यांना हे जमतं त्यात श्रद्धेचा वाटा मोठा आहेच, पण आखणीचाही आहे. दुपारचं जेवण कुठे, विसावा कुठे, मुक्काम कुठे, सगळं ठरलेलं. पुण्यात दोन मुक्काम. त्यानंतर दिवेघाट चढून सासवड गाठायचं, हा या वाटेवरचा सर्वांत मोठा टप्पा. म्हणून सासवडलाही पुन्हा दोन मुक्काम. मोठी चढण झाली की विश्रांती आलीच पाहिजे, हे गणित पिढ्यान्‌पिढ्या पाळलं जातंय.

आपण मात्र अष्टविनायक दोन दिवसांत 'उरकतो'. आदल्या दिवशी रात्री अकरापर्यंत गाडीत बसवलेल्या सासूबाईंना दुसऱ्या दिवशी लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढायला लावतो आणि वर विचारतो, 'आई, दमलात का?'

मग सहल आखताना काय करायचं? कुठेही जा, एका ठिकाणी किमान दोन रात्री राहा. लांबचा पल्ला झाला की दुसरा दिवस हलका ठेवा. किलोमीटरपेक्षा तास मोजा, आणि त्यात जेवण, चहा, स्वच्छतागृह यांसाठी दीड तास वाढवा. रोज दुपारी दोन तास कुठलाही कार्यक्रम ठेवू नका. या हिशेबाने आठ दिवसांत उदयपूर, जोधपूर आणि जैसलमेर नीट बसतं. जैसलमेरहून जोधपूरला परत यायचं आणि तिथून मुंबईची रेल्वे पकडायची. बिकानेर-जयपूर कुठे पळून जात नाहीत, ते पुढच्या वर्षी!

थकवा घरातूनच निघतो

खरं सांगायचं तर सहलीचा पहिला थकवा आदल्या रात्रीच आलेला असतो. ऑफिसातून आल्यावर पन्नास पुऱ्या, बटाट्याची भाजी, मुलांच्या बॅगा, फ्रीज रिकामा करणं, झाडांना पाणी, शेजारच्या काकूंकडे किल्ली. झोपायला रात्रीचा एक वाजतो आणि गाडी पहाटे पाचची. चार तासांहूनही कमी, मोडकी झोप घेऊन जी बाई आठ दिवसांच्या प्रवासाला निघते, ती पुढे ताजीतवानी राहणार कशी?

बॅगा दोन दिवस आधी भरून व्हायला हव्यात, आणि ज्याची त्याने भरायला हव्यात. आठ-नऊ वर्षांचं मूल यादी दिली तर स्वतःचे कपडे काढून ठेवू शकतं. त्यात एखादा शर्ट विजोड निघाला तर निघू दे. शिदोरीही आवरती घ्या. पहिल्या दिवसापुरत्या दशम्या आणि चटणी, पुढे खाकरे, भडंग, गूळपापडीच्या वड्या, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे असं टिकणारं. रेल्वेत वाटेतल्या स्टेशनवर जेवण मागवायची सोय आता आहे. एका वेळचं जेवण विकत घेतल्याने कुणी 'कसली आई' म्हणत नाही. म्हणालंच, तर पुढच्या वेळच्या पुऱ्या त्यांच्याकडे सोपवाव्यात!

रेल्वेचं तिकीट काढताना सगळ्यांची वयं बरोबर लिहा. ४५ वर्षांवरच्या स्त्रियांना आणि ६० वर्षांवरच्या पुरुषांना खालचा बर्थ देण्याची तरतूद आहे, तो शिल्लक असेल तर मिळतो. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी मधल्या आणि खालच्या बर्थमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पाणी कमी पिणं थांबवा

आता एक नाजूक विषय. प्रवासात आपण बायका पाणी पीत नाही. कारण उघड आहे, स्वच्छतागृहं. कुठे असतील, कशी असतील याचा भरवसा नसतो, म्हणून सकाळी निघतानाच कपभर चहावर भागवायचं आणि दुपारपर्यंत तोंड कोरडं ठेवायचं. शाळकरी मुलींनाही आपण नकळत हेच शिकवतो: 'आता पाणी पिऊ नकोस, मग जायला कुठे नाही!'

याची किंमत शरीर मोजतं. डोकं दुखतं, चक्कर येते, बद्धकोष्ठता होते, आणि लघवी तुंबवून ठेवल्याने जंतुसंसर्गाला आमंत्रण मिळतं. तो झाला की उरलेली सहल जळजळ आणि तापातच जाते. म्हणून थांबे आधीच ठरवा. मोठे पेट्रोल पंप, महामार्गावरची चांगली हॉटेलं, दर दोन तासांनी एक. 'कुणाला जायचंय का?' असं ओरडून विचारायचं नाही, गाडी थांबवायचीच. जिला जायचं असेल तिला मग मागावं लागत नाही. पिशवीत साबणाचे कागद, टिश्यू, पाण्याची एक वेगळी बाटली ठेवा. पाणी एकदम ढसाढसा न पिता घोट घोट प्या. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला की पाणी कमी पडतंय, हे समजावं. ओआरएसची पाकिटं जवळ असू द्या. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवायची, अंदाजपंचे चिमूट-चिमूट नाही.

आणि पाळी. सहलीत अडचण नको, देवळात जायचंय, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या परस्पर औषधाच्या दुकानातून आणल्या जातात. मैत्रिणींनो, असं करू नका. या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत. आधी कधी रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा त्रास असेल, अर्धशिशी किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही. लांबच्या प्रवासाशी याचा काय संबंध, ते पुढे वाचा.

पाय हलते ठेवा

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली लांबच्या प्रवासाबद्दल एक अहवाल दिला होता. चार तास किंवा त्याहून जास्त वेळ बसून प्रवास केला तर शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, असं त्यात म्हटलंय. विमानच नाही, बस, रेल्वे, कार सगळ्यांत. घाबरून जायचं कारण नाही. दुप्पट झाली तरी ती सहा हजारांत एक एवढीच आहे. पण गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या, अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्या, संततिनियमनाच्या किंवा इतर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी ती लक्षात ठेवावी आणि निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

उपाय साधा आहे. दोन तासांनी खाली उतरा, पाच-दहा मिनिटं चाला. बसल्या जागी पावलं वर-खाली करा, घोट्यातून गोल फिरवा. पायाखाली बॅगा कोंबू नका, पाय पसरायला जागा हवी. संध्याकाळी दोन्ही पाय थोडे सुजणं बऱ्याच जणांना होतं, उशीवर पाय ठेवून झोपलं की उतरतं. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर 'प्रवासाचा शीण असेल' म्हणून झोपू नका. लगेच डॉक्टर गाठा.

गाडी लागते त्यांच्यासाठी

प्रत्येक कुटुंबात एक तरी 'गाडी लागणारं' असतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की स्थिर आहोत. या भांडणात पोट ढवळतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो, पुरुषांपेक्षा बायकांनाही जास्त होतो. तेव्हा 'नाटकं करू नकोस' म्हणून मुलांना दटावू नका.

ज्याला त्रास होतो त्याला पुढच्या बाजूला बसवा, लांबच्या डोंगराकडे, रस्त्याकडे बघायला सांगा. घाटात पुस्तक आणि मोबाइल बंद. पोट अगदी रिकामं नको आणि वडे-मिसळीने भरलेलंही नको. कोरडी भाकरी, बिस्किट, केळं बरं पडतं. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक काहींना उपयोगी पडतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत.

ड्रायव्हरही माणूसच

'रात्री निघू, मुलं झोपतील, सकाळी पोचू' हा अनेकांचा आवडता बेत. पण रात्री दोन ते सकाळी सहा ही वेळ शरीराची गाढ झोपेची असते, दुपारी जेवणानंतरही डोळे जडावतात. समृद्धी महामार्गासारख्या सरळसोट रस्त्यावर तर डोळे उघडे असूनही लक्ष हरवतं. नवरा दिवसभर ऑफिस करून रात्री स्टिअरिंगवर बसणार असेल, तर त्याला ठामपणे थांबवा. गाडी भाड्याची असेल तर ड्रायव्हर जेवला का, रात्री कुठे झोपणार आहे, याची चौकशी करा. काही हॉटेलांत ड्रायव्हरसाठी खोली असते, काही ठिकाणी तो गाडीतच झोपतो. आपल्या सगळ्या कुटुंबाचा जीव ज्याच्या हातात आहे, त्याच्या झोपेची सोय बघणं हाही आपल्याच सहलीचा भाग आहे.

आजी-आजोबा आणि मुलं

आजी-आजोबांची औषधं हातातल्या पर्समध्ये हवीत, डिकीतल्या मोठ्या बॅगेत नाही. चार दिवसांची जास्तच घ्या, डॉक्टरांची चिठ्ठीही बरोबर ठेवा. मधुमेह असेल तर 'अर्ध्या तासात चांगलं हॉटेल येईल' या आशेवर त्यांचं जेवण पुढे ढकलू नका. प्रत्येक किल्ला त्यांनी चढलाच पाहिजे असंही नाही. पायथ्याशी सावलीत बसून येणारी-जाणारी माणसं बघण्यात आजोबांचा तास मजेत जातो. बरोबर कुणीतरी थांबलं म्हणजे झालं.

मुलांचं उलट असतं. त्यांना पळायला जागा मिळाली नाही की ती गाडीत एकमेकांना चिमटे काढतात. रोज तासभर बाग, मैदान, वाळू, काहीही. चौथं संग्रहालय बघण्यापेक्षा वाळूच्या टेकडीवरून घसरण्यातच त्यांना सहल आठवते.

आणि तुमचा विसावा?

आता शेवटचं आणि महत्त्वाचं. सगळ्यांची काळजी घेणाऱ्या बाईने स्वतःचा विसावा कधी घ्यायचा? माझी एक मैत्रीण जैसलमेरला गेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने जाहीर केलं, 'तुम्ही हवेल्या बघून या, मी येत नाही.' घरच्यांना वाटलं, बरं नाही. सासूबाई म्हणाल्या, 'एवढे पैसे खर्च करून आलो आणि हॉटेलात बसायचं?' ती बसली. गच्चीवर चहा घेऊन तीन तास एकटी. समोर किल्ला होता, तो तिला त्या तीन तासांतच खरा दिसला, असं ती सांगते. तिकडे बाबांना कळलं की मुलीला एकटीला लिफ्टची भीती वाटते, आजीला दर तासाला काहीतरी खावं लागतं आणि मुलगा टोपी रोज कुठेतरी विसरतो. दुपारी सगळे परत आले, तेव्हा टोपी हरवली होती. त्या दिवसापासून टोपीची जबाबदारी बाबांची!

हे तीन तास तिला कुणी दिले नाहीत, तिने ते मागून घेतले. मागताना तिलाही अपराधी वाटलं होतं, नाही असं नाही. पण पैसे खर्च होतात ते सगळ्यांच्या आनंदासाठी, आणि त्या 'सगळ्यां'त आई येतेच ना? निघण्याआधीच कामं वाटून घ्या. तिकिटं आणि हॉटेल एकाकडे, औषधं एकाकडे, पाणी आणि खाऊ मोठ्या मुलाकडे, खोली सोडताना चार्जर-टॉवेल तपासणं मुलीकडे. आणि सहलीतली एक सकाळ आईची, असं कार्यक्रमात लिहूनच टाका. तोंडी ठरलेलं ऐनवेळी विसरलं जातं.

परतीचंही असंच. सोमवारी ऑफिस असेल तर रविवारी रात्री पोचणारं तिकीट काढू नका, शनिवारी पोचा. आल्याबरोबर मशीनसमोर कपड्यांचा डोंगर रचू नका. तो दोन दिवस थांबला तर कोमेजत नाही. पहिल्या रात्री मुगाची खिचडी आणि पापड, तेही ज्याला येते त्याने करावी. कुकर लावायला आठ दिवसांची सहल करून आलेल्या कुणालाही जमतं.

पुढच्या सुट्टीचा बेत ठरवायला बसाल, तेव्हा कुणीतरी म्हणेलच, 'एवढ्या लांब जातोच आहोत, तर…' तेव्हा वहीत आधी दोन ओळी लिहा. कुठल्या दिवशी काहीच बघायचं नाही, आणि कुठली सकाळ आईची. मग खुशाल ठिकाणं लिहायला घ्या.